बाबा मागे सरले ती फिल्म

पॅरिस, ३ ऑक्टोबर १९६२

चि. ओदील हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वर्षभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. राग काढून झाला की पुढे वाच.

बाबांची फिल्म सापडली आहे. नाटकाच्या परीक्षणावरून नाटककार देलमासशी त्यांचं द्वंद्व झालं, तेव्हा तू आईच्या पोटात होतीस. ते कुणीतरी कॅमेऱ्यात टिपलं होतं. इथल्या फिल्म संग्रहालयातल्या केनेलबाई खऱ्या द्वंद्वांची जुनी रिळं शोधत असतात. त्यांनी मला बोलावून दाखवलं.

आई सांगायची तसं काही नाही गं. बाबा खडकासारखे उभे राहिले नाहीत. तलवारी धड भिडतसुद्धा नाहीत. दोघं लांब लांब, एकमेकांच्या मनगटावर टोक रोखून. आणि देलमास पुढे आला की बाबा मागे. सरकत सरकत कुंपणाला टेकले. दंडाला टोक लागलं, तिथे मी उठून बाहेर आलो.

केनेलबाई मात्र हरखल्या आहेत. त्या म्हणतात, पुस्तकांत आणि नाटकी सिनेमांत नुसती ऐट असते. खऱ्या टोकासमोर माणसाचे पाय काय करतात ते फक्त असल्या रिळांत दिसतं. रीळ कुजत चाललंय, म्हणून नवी प्रत काढताहेत. तीवर बाबांचं नाव घालायला आपली संमती हवी. मी ‘अनोळखी’ लिहायला सांगणार आहे. तुझी सही पाठव.
मी बरा आहे. घर मोठं वाटतं, एवढंच.
तुझा,
बाझिल

ओसेर, ८ ऑक्टोबर

ती. दादास,
ओदीलचा शि. सा. न. वि. वि.

राग काढून झाला, पण वेगळ्याच गोष्टीवर. सही पाठवत नाही.

बाबा चौदा सालच्या लढाईत गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. तुला त्यांचा आवाज आठवतो, दाढीचा वास आठवतो. माझ्याकडे एक फोटो आहे. आणि तू त्यांना ‘अनोळखी’ करायला निघालास! घरी पोटुशी बायको असलेला माणूस मागे सरला, तर माझ्या मते त्याने शहाणपणा केला.

आणखी एक बोलते, वाईट वाटलं तरी चालेल. क्लोद वहिनी बॅग घेऊन निघाली, तेव्हा तू खुर्चीतून उठला नाहीस. बाबा कधी हटले नाहीत, असं तेव्हा मला पत्रात ऐटीत लिहिलंस. त्या ऐटीपायी आज एकटा जेवतोस.

गुरुवारी मी येते. केनेलबाईंना तसं कळवलं आहे. तूही ये. आलुबुखारचा मुरंबा आणते.
तुझी,
ओदील

ओसेर, १३ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न.

तू आला नाहीस. मुरंबा तुझ्या दारवानीणबाईंकडे ठेवला.

शेजारची खुर्ची रिकामी ठेवून मी फिल्म पाहिली. बाबा माझ्यासारखेच खांदे पाडून चालतात. आईने हे कधी सांगितलं नव्हतं. घाबरलेले आहेत, दिसतं. तरी तलवार टाकत नाहीत. तू जिथे उठलास त्याच्या पुढे बघ: डॉक्टर पट्टी बांधतात, बाबांना कोट घालता येत नाही, तेव्हा देलमास येऊन बाही धरतो. बाबा हसतात. एकतीस वर्षांचं पोर! मला वाटलं, पुढे होऊन मीच बटणं लावून द्यावीत.

मी संमती दिली आहे. आता तुझ्या सहीसाठी थांबलेत. लोभ असू दे, आणि अबोला जरा कमी.
तुझी,
ओदील

पॅरिस, २० ऑक्टोबर

चि. ओदील हिस,
आशीर्वाद.

सही केली. ‘अँसेल्म रुव्हरे, पत्रकार’ असं पूर्ण नाव मीच लिहून दिलं. केनेलबाईंना म्हटलं, पुन्हा दाखवा, शेवटपर्यंत.

गुरुवारी मी संग्रहालयाच्या दारापर्यंत आलो होतो. काचेतून तुझी पाठ दिसली आणि परत फिरलो. क्लोदला चार ओळी लिहून पेटीत टाकल्या आहेत. उत्तर येईलच असं नाही.

शेवटी हॅट घातल्यावर बाबा कॅमेऱ्याकडे बघतात, ते तू सांगितलं नाहीस. क्षणभरच. मी हात वर केला, लहानपणी खिडकीतून करायचो तसा. हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

तुझा,
दादा