धुराडं, पण कोणतं?

१४ डिसेंबर, रविवार संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही. बहिणीचा मुलगा रॉबिन, हौशी वैमानिक, मला क्लबच्या छोट्या विमानातून पुण्याहून इकडे श्रीरामपूरला, बहिणीच्या घरी घेऊन आला. ही धावपट्टी त्याला नवीन. तरी रेडिओवर ऐटीत म्हणाला, "साखर कारखान्याच्या धुराड्यावर आहे. उतरतोय."

साखर कारखान्याच्या! या जिल्ह्यात! मला खिडकीतूनच तीन धुराडी दिसत होती. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत असलं उत्तर दिलं असतं तर सिस्टरने बाकावर उभं केलं असतं.

खाली धावपट्टीवर रेडिओ सांभाळणारा माणूस इंग्रजी सोडून मराठीवर आला. "साहेब, कंच्या कारखान्याच्या? दुसरं इमान बी धुराड्यावरच हाय म्हनतंय!"

दुसरं विमान! आणि रॉबिन आपला मान वाकवून धुराडी मोजतोय. चूक कबूल करण्यापेक्षा धडकणं बरं, असं शिकवतात का यांना?

"विचार त्याला, आपण कुठे आहोत ते," मी ओरडले.

"मावशी, असं विचारलं की हसतात."

"हसू देत. ऐकायला आपण उरू तरी!"

शेवटी बोलला, "मी इथे नवीन आहे. नक्की कुठे आहे, कळत नाही." त्या माणसाने कालवा कोणत्या हाताला, रूळ कुठे, एवढंच विचारून आमचं धुराडं ओळखलं. दुसऱ्याला आधी उतरवलं, मग आम्हाला. कुणीही हसलं नाही.

आणि चहाला हा आईला सांगतो, "उतरायला उशीर झाला, वारा जरा विचित्र होता." वारा! बाहेर पान हलत नव्हतं. मी सगळ्यांसमोर पुण्याच्या एसटीची वेळ विचारली. तेव्हा कुठे म्हणाला, "वारा नव्हता गं आई, मीच चुकलो."

बरं. आता बसेन उद्या त्याच्या विमानात.