बाबांची तपासणी आणि मेथीची भाजी

हैदराबाद, जानेवारी २००६

आई, तुला नि बाबांना जयभीम.

मी मजेत आहे, जेवते वेळेवर. लॅबमध्ये बाबांसारखा लकवा मारलेल्यांचं रक्त किती वेळात गोठतं ते आम्ही तपासतो.

तपासणीत रक्त भरपूर दिसावं म्हणून तू आधी आठवडाभर बाबांना मेथी-पालक खाऊ घालतेस ना? अगं, पालेभाजीने बाबांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर उतरतो. तपासणीत रक्त घट्ट दिसतं म्हणून डॉक्टर गोळी वाढवतात, मग तू भाजी थांबवलीस की रक्त फारच पातळ होऊन त्यांच्या हिरड्यांतून येतं. हे डॉक्टरांना लगेच सांग. भाजी सोडू नकोस, रोज थोडी, सारख्याच मापाने दे. तुझं चुकलं नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

बेलवलीत थंडी आहे का? बाबांचा उजवा हात उचलला जातो का? उत्तराखाली सही त्यांनाच करू दे, त्याच हाताने. कितीही वाकडी आली तरी मी ओळखेन.

तुझी,
संघमित्रा