खारट डाळीचा अभिप्राय

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. काकांच्या वाढदिवसाला आपण शहराच्या मधोमध असलेल्या त्या साठ वर्षांच्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये जेवलो, तेव्हा आचाऱ्याने डाळ खारट केली, असं मी लिहिलं होतं. आचाऱ्याने नाही केली. तू केलीस.

काकांच्या रक्तदाबामुळे तुझ्याकडे सगळं आळणी शिजतं आणि पानं वाढली की तू बाकीच्यांच्या वाट्यांत चव न घेता मीठ घालतेस. त्या दिवशीही घातलंस. मला दिसलं नाही, कारण इतक्या वर्षांत ते दिसायचंच बंद झालंय. मग सगळ्यांनी अभिप्रायाची वही माझ्यापुढे सरकवली. घरात पहिली शिकलेली मी, म्हणून घरातले गुन्हे सुवाच्य अक्षरात लिहायचे मीच. तू म्हणालीस, डाळ मिठाच्या खाणीतून आणलीये असं लिही. मी शब्दशः लिहिलं, वर तारीखही घातली.

शुक्रवारी एकटीच जाऊन तीच डाळ मागवली. चोख होती. म्हाताऱ्या वेटरने सांगितलं, बत्तीस वर्षं तिथे रांधणाऱ्या आचाऱ्याला मालकाने माझं पान दाखवलं आणि पंधरा तारखेपासून येऊ नका म्हणाला. वेटरने तुझ्या हातात मीठदाणी पाहिली होती. पण गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं नाही, हा तिथला रिवाज. तेव्हापासून मला झोप नाही. वहीत दुरुस्ती लिहायची आहे. तुझी परवानगी हवी.

लोभ आहे, या पत्रानंतरही थोडा उरावा.

तुझी भाची


८ मार्च

चि. तराजू हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शेजारणीने वाचून दाखवलं. तिचा आवाज तुला माहीत आहेच. मी आचाऱ्यांच्या पोटावर पाय देते हे आता गल्लीभर कळलंय. आभारी आहे. हे पत्रही तीच लिहिते आहे, मध्ये हसायचं नाही अशी ताकीद मी तिला दिली आहे.

मी मीठ घातलं? घातलं असेल. माझा हात मला विचारून चालत नाही. काकांना विचारलं, तर म्हणाले, त्यांची डाळ उत्तम होती. असणारच, त्यांच्या वाटीला मी हात लावला नव्हता. चाळीस वर्षांत तोंड उघडायला या माणसाला नेमका आत्ताच मुहूर्त सापडला.

दुरुस्ती लिही. पण माझं नातं, नाव काही नको. 'एका पाहुणीच्या हातून' असं लिही. शिकलेल्यांना असं गुळमुळीत लिहिता येतं म्हणतात. आणि मालकापुढे रडू नकोस. रडलीस की तू खरं बोलत असलीस तरी खोटी वाटतेस.

प्रेम आहे तसंच आहे, फक्त चवीपुरतं कमी.

आत्या


११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. शेजारीणबाई जिथे हसल्या तिथे शाई फुटली आहे.

'एका पाहुणीच्या हातून' असं घरी लिहून पाहिलं. मालकाच्या जागी बसून वाचलं, तर वाटलं, आचाऱ्यानेच कुणाला तरी हाताशी धरलंय. एवढ्यावर मालक त्याला कामावर ठेवून घेणार नाही. म्हणून 'माझ्या आत्याने' असं लिहिणार आहे. रागाव. पण खात्री न करता तुझं ऐकून लिहिलं, हा माझा दोष त्याच पानावर तुझ्या आधी येईल.

नातं लिहायच्या परवानगीसाठी अजून थांबले असते, पण पंधरा तारीख थांबणार नाही. पान मोठं आहे. खाली तुझ्या सहीपुरती जागा सोडेन. गेल्या उन्हाळ्यात मी शिकवलेली सही. तेव्हा तू म्हणाली होतीस, या वयात हिचं काय लोणचं घालू? तुझ्याकडची सकाळची पहिली बस दहाला रेस्टॉरंटजवळच्या चौकात येते. आलीस तर टेबलावरची मीठदाणी मी आधीच उचलून ठेवेन. नाही आलीस तरी मी जाणारच.

माया कमी करायची असेल तर ते काम झाल्यावर कर.

तुझी,
तराजू

ता. क. गुरुवार, १४ मार्च, सकाळी अकरा. त्याच रेस्टॉरंटमध्ये.