सदुसष्टच्या वरचा रेट

११ ऑगस्ट, संध्याकाळ
आज मिलमध्ये प्रफुलने पेढे वाटले. प्रफुल म्हणजे आमच्या राईस मिलचा बॉयलरवाला, आणि दुर्दैवाने आमच्याच गल्लीत राहणारा. त्याच्या नंदिनीला नववीच्या चाचणीत त्र्याण्णव टक्के. चाचणीचे पेढे! माझी रिना त्याच वर्गात. अठ्ठावन्न.
मी दोन पेढे खाल्ले. मन मोठं असावं लागतं. मी जळत नाही. मी सुपरवायझर, बॉयलर त्याच्याकडे, तेव्हा जळायचं खातंही त्याच्याकडेच.
पोरीला ट्यूशन कोणती, म्हणून सहज विचारलं. म्हणाला, कोनती नाई भाऊ, मी संध्याकाळी जवळ बसतो फक्त. लपवतो लेकाचा.

१२ ऑगस्ट
स्कीम ठरली. प्रफुलला जे परवडणार नाही तेच करायचं. मार्कांना पैसे.
सदुसष्टच्या वर प्रत्येक टक्क्याला दोनशे रुपये. सदुसष्टच का? बावीस वर्षं मिलमध्ये काढली आहेत. शंभर किलो धानातून सदुसष्ट किलो तांदूळ उतरला की माल चांगला. त्याहून जास्त मागणारा माणूस लबाड. माझ्या मते पोरांनाही हाच उतारा लागू आहे.
बायकोला समजावलं. तिने विचारलं, मंग बाकीचे तेहेतीस कुठी जाते? मी म्हटलं, कोंडा, भुसा. ती म्हणाली, पोरीच्या डोक्यात भुसा हाय म्हनता का? त्यानंतर जेवण झालं, बोलणं झालं नाही.

१३ ऑगस्ट
रिनाला स्कीम सांगितली. उडी मारेल असं वाटलं होतं. तिने शांतपणे विचारलं, पप्पा, गनिताले येगळा रेट हाय का? मग तीनशे ॲडव्हान्स मागितला. दिला. व्यवहारी आहे पोरगी, माझ्यावर गेली.

२० ऑगस्ट
चहाच्या वेळी प्रफुलच्या कानावर स्कीम घातली. सहजच. तीनदा. म्हणाला, वा मिथुनभाऊ, मले तं हे सुचलंच नाई. चेहरा पडल्यासारखा वाटला. बॉयलरच्या काजळीमुळे नक्की सांगता येत नाही. पण दुपारी बरं वाटलं.

३ सप्टेंबर
रिना रोज संध्याकाळी प्रफुलकडे अभ्यासाला जाते. नंदिनी शिकवते म्हणे. उत्तम! लाईट त्याची, मास्तरीण त्याची, टक्के आपले.
तरी एक चक्कर मारून आलो. प्रफुल दारापुढच्या छपरीत लसूण सोलत बसला होता. पोरी मोठ्याने वाचत होत्या. मधेच तो विचारतो, हा न्यूटन कोन्या गावचा हाय वं, सिंदेवाहीचा काय? पोरी हसून लोळायच्या बाकी. मग रिना त्याला सगळं समजावून सांगते, पुस्तक न बघता. तो मान डोलावतो.
रिना इतकी हसते हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ती शेवटची हसली ती मोबाईलचा रिचार्ज केला तेव्हा.
नववी नापास माणूस. काय कळतं त्याला न्यूटनमधलं? मला राग आला, आणि तो लसणाच्या वासाचा नव्हता.

१५ सप्टेंबर
प्रफुलचीच पद्धत करून पाहिली. रिनाला घरी थांबवलं आणि खुर्ची घेऊन तिच्याजवळ बसलो. ती वाचायची थांबली. म्हणाली, पप्पा, काही काम होतं का? मी म्हटलं, नाही, बसलो नुसता. थोड्या वेळाने तिने विचारलं, किती टक्के येतीन ते पाहून राह्यले का? मी न्यूटनच्या गावाची चौकशी केली. तिने गावाचं नाव सांगितलं, सालासकट. हसली नाही.
मी मोबाईल काढला. पद्धतीत दम नाही. रेटच बरा.

४ ऑक्टोबर
सहामाही सुरू. आजपासून रेट अडीचशे करावा असं मनात होतं, बायकोने नुसतं पाहिलं. दोनशेच राहू दिला.

४ नोव्हेंबर, दुपार
मिलमध्ये नवा धान यायला लागलाय. मी ऑफिसात. प्रफुल धावत आला. नंदिनीला पंच्याण्णव पडले असणार, म्हणून मी आधीच चेहरा तयार केला. त्याने काळ्या हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, मिथुनभाऊ, आपल्या रिनाले एक्याऐंशी!
आपल्या!
तुला कोणी सांगितलं, मी विचारलं. म्हणाला, आत्ता गेटवर आली होती ना, शाळेतून सीधी. मले सांगाले.
गेट माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर आहे. खिडकी उघडी होती. एक्याऐंशी टक्क्यांवरून मी आयुष्यात इतका कोणावर जळलो नसेन. घ्या, लिहिलं एकदाचं.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ
चौदा टक्क्यांचे अठ्ठावीसशे. ॲडव्हान्स वजा, अडीच हजार. पाकीट तयार ठेवलं. रिना आली, आकडा सांगितला. मी पाकीट दिलं. तिने नोटा मोजल्या, थँक्यू पप्पा म्हणाली.
मी विचारलं, मले आधी काऊन नाई सांगितलं?
तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, तुमाले तं सांगनारच होती ना पप्पा, पैसे घ्याले. काकाले असंच सांगितलं.

५ नोव्हेंबर
चहाच्या वेळी बॉयलरकडे गेलो. रिना काल गेटवर आली तेव्हा कशी दिसत होती, प्रफुलला विचारलं. म्हणाला, काय सांगू भाऊ, लांबूनच हात हलवत आली, चप्पल तुटली तरी थांबली नाई, आकडा सांगता सांगता रडलीच.
मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.