एका टॉर्चपायी

बाबा, परवा मी हँगरात एका माणसाला मारलं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, ऑकलंडच्या ओटाहुहू उपनगरात राहणारा सामोअन मेकॅनिक. मी ऑकलंडला नवा आलो तेव्हा वर्षभर तोच मला स्टेशनवरून गाडीत घालून कामावर न्यायचा. इथली राष्ट्रीय विमान कंपनी पाण्यावर उतरणाऱ्या उडत्या बोटींनी कशी सुरू झाली, हे त्यानंच गाडी चालवता चालवता सांगितलं, नातवाला सांगावं तसं.

तुमच्या विमान कंपनीची कहाणी मी तुमच्या पट्ट्याचे फटके खाताना ऐकली. मी नववीत होतो. सायकलसाठी तुमच्या हत्यारांच्या पिशवीतला छोटा पाना घेतला आणि परत ठेवायला विसरलो. संध्याकाळी हँगरात मोजणीला पाना कमी भरला, तो इंजिनात राहिला असेल म्हणून विमान अडकलं आणि साहेबानं तुम्हाला चारचौघांत झापलं. तुम्ही घरी येता, स्वयंपाकघराचं दार लावता. "टपालाच्या थैल्या वाहून उभी राहिलेली कंपनी आहे ही," म्हणता आणि मारता. "तुझ्यासारख्यांनी बुडवायला नाही." आई मध्ये पडते तर बक्कल तिच्या कपाळाला लागतं. मी ओट्यावर आपटतो आणि मनगट मोडतं. दवाखान्यात आईनं जिन्यावरून पडला म्हणून सांगितलं. कामाला लागण्याआधी हत्यारं मोजायची असतात आणि त्या सकाळी तुम्ही ती मोजली नव्हती, हे मला स्वतः मेकॅनिक झाल्यावर कळलं.

परवा विमान उड्डाणाला सोडायची सही करण्याआधी मी इंजिनाचं झाकण पुन्हा उघडलं. आत त्या सामोअन मेकॅनिकचा टॉर्च. त्यानं तर "सगळी हत्यारं जागेवर" असं लिहून दिलं होतं. प्रवासी गेटवर थांबलेले.

"सॉरी ब्रो," तो म्हणाला. "घाईत राहिला. मिळाला ना, मग काही बिघडलं नाही, स्वीट ॲज."

मी त्याची गचांडी धरून त्याला हत्यारांच्या फळीवर आदळलं. पाने खाली कोसळले. त्याच्या तोंडावर मी दोनदा मारलं. दुसऱ्या फटक्याला ओठ फाटून रक्त त्याच्या पिवळ्या जॅकेटवर आलं. त्यानं हात वर केला नाही. माझ्या दुप्पट ताकदीचा माणूस, नुसता बघत राहिला. तिघांनी मला ओढून बाजूला केलं.

काल मीटिंग झाली. सुजलेल्या ओठानं तो म्हणाला, "चूक माझी होती. माणूस चांगला आहे. त्याला काढू नका." तरी माझं लायसन्स चौकशी होईपर्यंत थांबवलंय. मॅनेजरनं विचारलं, घरी कधी मारहाण झाली होती का? मी म्हटलं, नाही, माझे वडील फार शांत होते. घरी मुलीनं विचारलं, "डॅड, तू त्याला का मारलंस?" मी म्हटलं, कंपनीच्या भल्यासाठी.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, हे पत्र कुठे पाठवणार. पण कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहितो. पहिला फटका टॉर्चसाठी होता. दुसरा मारताना मला बरं वाटत होतं.