देठ खाली ठेवलेले टोमॅटो

१२ मार्च, बुधवार

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे, तुम्ही सगळे बरे असाल. बाळाचा खोकला गेला का? इकडे नळाला पाणी व्यवस्थित येतंय, मागच्या खिडकीची कडी दुरुस्त झाली, आणि तुझी मोठी कढई मी घासून ठेवली आहे. काळी पडली होती तेवढी राहिली आहे, मी जादूगार नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मी इकडून "आई" म्हटलं की तिकडून वहिनी "बोला ताई" म्हणते. मग मी पाण्याचं आणि कडीचं बोलते आणि ठेवून देते. म्हणून हे पत्र. दादा उद्या परत जाताना घेऊन येईल. एकटीच वाच.

शेजारच्या शिंपीणकाकूंनी परवा विचारलं, आई कधी येणार. मी म्हटलं, बाळाने मान धरली की. त्या तोंड फिरवून हसल्या. बाळ आता कपाटाची दारं उघडतं हे त्यांनाही ठाऊक आहे, कारण तू फोनवर सांगितलेलं सगळं मीच त्यांना सांगते.

छापखान्याच्या कॅन्टीनला आपण देतो ते सूप चालू आहे. बाजार उठताना मऊ पडलेले टोमॅटो मी आणते आणि तुझ्यासारखेच निवडते. सुरकुतलेल्याला नाव ठेवायचं नाही, तो गोड असतो, मंद आचेवर भाजून सॉसला घ्यायचा. तडकलेला असला तर चीर बघायची. चीर कोरडी असेल तर आजच्या आज पातेल्यात, ओली आणि बुळबुळीत असेल तर सरळ बादलीत. पांढरी लव दिसली की तो तर गेलाच, पण त्याच्या शेजाऱ्यांचीही झडती घ्यायची. आणि जो वरून साजूक दिसतो त्याला देठापाशी अंगठ्याने दाबून हुंगायचं, कारण खरा लबाड तोच असतो. त्याला आंबूस वास आला की आतून गेला. हे सगळं मला झोपेतही सांगता येईल. तरी तू कधी म्हणाली नाहीस की पोरीला जमतं.

आता आलेच मुद्द्यावर. तू गेल्या महिन्यात फोनवर म्हणालीस, "तुझ्या वहिनीचं नाक काय आहे गं! नुसता जवळ धरला तरी सांगते." वर हेही म्हणालीस की आता तिच्याशिवाय तुझं पानही हलत नाही. आई, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून तुझ्याबरोबर क्रेटपाशी बसले आहे. माझ्या बोटांना तो वास लागलेला आहे, साबणाने जात नाही. आणि ही कोण कालची आलेली, जिच्या घरी टोमॅटो म्हणजे फ्रिजमधली शोभा होती, तिचं तू तोंड भरून कौतुक करतेस. रोज करतेस. मी मोजत नाही, पण मला कळतं.

माझ्या पोटात दुखतं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. तुला सांगते.

तर त्या क्रेटबद्दल. तू दादाबरोबर पाठवला होतास तो. दादा म्हणाला, आमच्याकडच्या बाजारात ढीगभर मिळाले म्हणून आईने पाठवलेत. मी झाकण काढलं तर सगळे टोमॅटो देठ खाली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ही आपली दोघींची खूण. ज्याचा देठ वर, तो बघायचा राहिलाय. ज्याचा देठ खाली, तो तू दाबून हुंगून पास केलेला, त्याला परत हात लावायचा नाही. लहानपणी मी असा एक उचलून पुन्हा हुंगला होता, तेव्हा तू दिवसभर माझ्याशी बोलली नव्हतीस.

म्हणून मी हात लावला नाही. धुतले आणि सगळे दोन पातेल्यांत टाकले. उकळी आल्यावर चव घेतली आणि चमचा तिथेच ठेवला. आंबट नव्हे, आंबलेलं. मागून कडूही. साखर घातली, दूध घातलं, काही उपयोग नाही. दोन्ही पातेली मोरीत ओतली. त्या दिवशी छापखान्यात लोकांनी कोरडा पाव खाल्ला, आणि कॅन्टीनच्या मुकादमांनी मला सगळ्यांसमोर ऐकवलं की आई असताना असं कधी झालं नाही.

पण खरं सांगू? घरी येताना मी मनातून खूश होते. मला वाटलं, हे तू निवडलेलेच नाहीत. तुझ्या त्या थोर नाकाच्या सुनेने निवडलेत, आणि आपली खूण तिला तू शिकवलीस. ते खूण शिकवणं मला जास्त लागलं. मी तुला फोन केला नाही, थेट तिला केला. म्हटलं, टोमॅटो कुणी निवडले होते?

ती क्षणभरही थांबली नाही. "मीच निवडले ताई. माझंच चुकलं. आईंना काही बोलू नका," असं म्हणाली.

मग मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर मी मस्त चहा केला आणि गाणं लावलं.

काल दादा रिकामा क्रेट न्यायला आला. मी त्यालाही सुनावायला सुरुवात केली, की तुझ्या बायकोला जमत नसेल तर तिने यात पडू नये. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "अगं, ती कधी निवडणार? ती तो आठवडाभर माहेरी होती. आईने एकटीनेच बसून निवडले." आणि कप विसळायला गेला. त्याला काहीच कळलं नाही. आपला दादा आहे तो.

मला कळलं.

आई, तुला वास येत नाही. गेल्या वर्षी हिवाळ्यात तुला तो ताप आला होता ना, तेव्हापासून. दूध उतू जाऊन जळलं होतं आणि तू शेजारीच बसून लसूण सोलत होतीस, आणि मी तुला ओरडले होते की लक्ष कुठे असतं तुझं. गॅस चालू राहिला होता तेव्हाही. आणि मग तू एकेक टोमॅटो माझ्यापुढे धरायला लागलीस, "बघ बरं हा कसा आहे." मला वाटलं, या वयात माझी परीक्षा घेतेस. मी म्हटलं, तूच बघ, माझ्यावर भरवसा नाही तर विचारतेस कशाला. त्यानंतर तू विचारलं नाहीस. आणि बाळाचं निमित्त काढून गेलीस.

काल दिवसभर मी स्वतःला सांगत होते की आता वहिनीबद्दलचा राग जाईल. गेला नाही, वाढला. पूर्वी मला वाटायचं तू तिला माझ्यापेक्षा हुशार समजतेस. ते परवडलं असतं. आता कळलं की तुझं एवढं मोठं दुखणं तू तिला सांगितलंस आणि मला सांगितलं नाहीस. तिच्यापुढे तू टोमॅटो धरलास तेव्हा ती तुझ्यावर खेकसली नाही. आणि तुझी लाज राखायला ती इतक्या पटकन खोटं बोलली. मला जमलं नसतं. मी आधी भांडले असते, मग रडले असते, आणि तोवर सगळ्यांना कळलं असतं. याचाच मला हेवा वाटतो. जळते मी.

तिची माफी मागायची आहे. मागेन. या आठवड्यात नाही.

तू तो क्रेट मला का पाठवलास, याचाही मी विचार केला. वहिनी घरी नव्हती, तुला थांबता आलं असतं. देठ वर ठेवून पाठवले असतेस तर मी निमूट बघितले असते. पण तू सगळे पालथे घातलेस. अजून आपल्याला जमतं असं मला दाखवायचं होतं ना? मलाच दाखवायचं होतं. हे मात्र तिच्या वाट्याला आलेलं नाही. एवढं मी माझ्याकडे ठेवते.

आता नीट ऐक. दादाबरोबर एक डबा पाठवते आहे. टोमॅटो मऊ आहेत, दोन दिवसांपलीकडे टिकणार नाहीत, पण आतून एकही गेलेला नाही. सगळे देठ खाली ठेवलेत. या वेळी ते मी ठेवलेत. तू हुंगू नकोस आणि वहिनीला तर मुळीच हुंगायला देऊ नकोस. सुरी घे आणि सरळ चिर.

आणि ते संपले की घरी ये. क्रेटपाशी तू पूर्वीसारखी बस, दाब, जवळ धर, पालथा घाल. तू उठलीस की मी मागून एकेक हुंगेन. त्यासाठी तू दिवसभर बोलली नाहीस तरी चालेल. मुकादमांना कळणार नाही, शिंपीणकाकूंना कळणार नाही. बाळाकडे बघायला त्याची आई आहे. माझ्याकडे कोण आहे?

बाळाला पापा. वहिनीला नमस्कार, तोही तू सांगशील म्हणून.

तिच्याआधीपासून तुझीच,
ठिणगी