उंच तारेवरचे कपडे

९ मार्च

त्या सकाळी नेमकं काय काय केलं, ते परत परत आठवते आहे. दूध तापवलं. डाव्या हाताने केर काढला — अर्धा निघाला, अर्धा मला हसला. कपडे धुतले, नळाला गुंडाळून पिळले. एका हाताने पिळायचं तर नळालाच दुसरा हात मानावा लागतो. बादली खिडकीपाशी, तारेखाली ठेवली. तार छताजवळ आहे. माझा उजवा हात छातीच्या वर जात नाही, म्हणून मी कपडे खुर्चीच्या पाठीवर टाकते आणि ते कुबट होतात. आधी पाव आणायला खाली उतरले.

वर आले तर कपडे तारेवर! सगळे. उलटे करून, शिवणी बाहेर.

असे हे घालायचे. रंगारी होते. "ऊन रंग खातं गं. खाऊ दे, पण उलट्या बाजूने." दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला असताना माझा हात चादरी पिळायच्या रोलरमध्ये गेला, तेव्हापासून कपडे त्यांनीच वाळत घातले. हिवाळ्यात ते गेले.

कुलूप मीच लावून गेले होते. किल्ली एकच आहे.

१० मार्च

आजही.

१४ मार्च

अपंगत्व भत्त्याच्या खिडकीवर गेले. कारकून म्हणाला, "मावशी, वाचून दाखवायला कोणाला तरी आणायचं ना." म्हटलं, बाळा, मी दवाखान्याच्या पाट्यांवर वाचायला शिकले, तुझ्या अर्जाचं काय घेऊन बसलास! तो हसला.

पण एका ओळीवर पेन अडलं. दैनंदिन कामात मदत करणारी व्यक्ती. हे असताना अर्जाचा विषय काढला की म्हणायचे, "मी आहे ना! कशाला सरकारचे उंबरे झिजवतेस?"

लिहिलं — कोणी नाही. डाव्या हाताचं अक्षर आणखीच वाकडं आलं.

भत्ता मिळाला तर ही खोली राहते. नाहीतर वन्संकडे जायचं. यांची बहीण. मनाच्या वाईट नाहीत, पण त्यांच्या घरात माणसांपेक्षा सूचना जास्त.

२ एप्रिल

सरकारी डॉक्टर. "हात वर करा. आणखी. दुखतं का?" म्हटलं, दुखायला तो आधी वर तर जायला हवा! दाखला दिला. "आता घर बघायला येतील," म्हणाले.

११ एप्रिल

आल्या. न सांगताच. तपासनीस बाई, तरुण, चांगल्या बोलणाऱ्या. खोलीभर फिरल्या आणि तारेखाली थांबल्या.

"एवढ्या उंच कोण घालतं?"

"मी नाही."

"मग कोण?"

बाईंनी टाचा उंच करून तारेला हात लावून पाहिला. कसाबसा पुरला. मग बराच वेळ लिहीत होत्या.

संध्याकाळी वन्सं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! ती काय पाहुणी होती? पसारा ठेवायचा, वहिनी, पसारा!" म्हटलं, मी नाही हो घातले. तेव्हा त्यांनी वर पाहिलं. लोंबणाऱ्या बाहीची शिवण बोटात धरली.

"सवय लागते माणसाची," म्हणाल्या. "तुम्हीच घातले असतील, कसेतरी." चहा न घेताच गेल्या.

३ मे

नामंजूर. "अर्जदार दैनंदिन कामे स्वतः करू शकतात." फेरतपासणी मागता येते. मागितली. वन्सं म्हणाल्या, "तेही नाही झालं तर सामान हलवू. पॅसेजमध्ये तुमची खाट मावते, मी मोजून ठेवलंय."

४ मे

आज तारेकडे बघून बोलले. मोठ्याने. लाज वाटली, पण बोलले. "अहो, थोडे दिवस हात लावू नका. तुमच्या मदतीपायी माझी खोली जायची."

५ मे

घातलेच! उशीचा अभ्रासुद्धा, सुरकुती न ठेवता. जिवंतपणी तरी कधी ऐकलं?

१९ मे

फेरतपासणी. त्या यायच्या आधी झाडूच्या दांड्याने कपडे ओढून पाडले, खुर्चीवर फेकले. भरल्या ताटावरून कोणाला उठवावं तसं वाटलं.

त्याच बाई. "घरात तुमच्याशिवाय कोणी असतं?"

"कोणी नाही."

"नक्की?"

"नक्की. ते गेले. आता इथे कोणी नाही."

तार हलली. खिडकी बंद होती. बाईंनीही वर पाहिलं. एक चिमटा सुटून त्यांच्या पायाशी पडला. तो त्यांनी उचलला नाही. मीही नाही.

२० मे

कपडे बादलीत. तसेच.

२८ मे

तसेच. आता वास येतो. "अहो" म्हणून पाहिलं. खोली नुसती खोली आहे.

१५ जून

मंजूर! कागद तीन वेळा वाचला. खोली राहिली. कोणाला सांगावं म्हणून मान वर केली तर मोकळी तार.

दुपारी वन्सं आल्या. त्यांना वाचून दाखवलं. "बरं झालं," म्हणाल्या, पण खुर्चीच्या कडेवरच बसून राहिल्या. पदर बोटाला गुंडाळत, सोडत.

"वहिनी, एक सांगू? हसायचं नाही. महिना होत आला. मी सकाळी कपडे पिळून बादलीत ठेवते, आत जाते, परत येते तर..."



"शिवणी बाहेर?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "मला भीती वाटते हो. दादा माझ्याकडे कधी धड दोन दिवस राहिला नाही. आता कुठून आला? तुमच्याकडे नाही का तो?"

इथे कोणी नाही, असं मीच म्हणाले होते. यांना ऐकू जाईल असं.

१७ जून

काल सकाळी घरमालकाला किल्ली दिली, आणि पिळलेल्या कपड्यांची बादली डाव्या हातात घेऊन वन्संकडे राहायला आले.